कंबरेला एकटीला राबवू नकोस

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, अठरा होल खेळून आलो की मोजे काढायला हात पायापर्यंत पोचत नाही." दोन महिने हे तू अंगावर काढलंस, ते मात्र मला सूनबाईंकडून कळलं. फोनवर बोललेलं विसरायला होतं म्हणून लिहून पाठवतोय. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी येरवड्याच्या कोर्सवर पहिल्यांदा काठी हातात धरली, आता त्र्याहत्तर चालू आहे. सुरुवातीच्या दहा वर्षांत कंबरेने मला दोनदा अंथरुणाला खिळवलं. त्यानंतरच्या सोळा वर्षांत एकदाही नाही. या दोन्हींमध्ये जे शिकलो ते तुला बेचाळिशीतच मिळावं, एवढीच इच्छा आहे.

पहिल्यांदा माझी कंबर गेली ती जोरात शॉट मारताना नव्हे. चौथ्या ग्रीनवर दोन फुटांचा पट आत गेला, चेंडू काढायला मी दोन्ही गुडघे ताठ ठेवून वाकलो आणि वर येताच येईना. उसण भरली होती. आमच्या बरोबरचे म्हातारे कॅडी धावत आले, मला सावलीत उताणं झोपवलं, पाय बॅगेवर टेकवून ठेवले. अर्ध्या तासाने कसाबसा उठलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, चेंडू उचलायचं तुम्हाला कुणी शिकवलंच नाही." आणि तिथेच करून दाखवलं. डाव्या हाताने काठी जमिनीत टेकवायची, तिच्यावर भार द्यायचा, डावा गुडघा जरासा सैल सोडायचा, आणि पुढे झुकताना उजवा पाय सरळ मागे उचलायचा. पाठ आणि मागचा पाय एका रेषेत, ढेकळीच्या दांड्यासारखे. वजन मागच्या पायाने तोललं जातं, वाकणं खुब्यातून होतं, कंबरेला काही करावं लागत नाही. त्यांचं वय तेव्हा पासष्टच्या पुढे होतं आणि दिवसातून दोन-दोन राउंड ते दुसऱ्यांच्या बॅगा वाहायचे. पुढे फिजिओथेरपिस्टकडे गेलो तर त्यांनीही नेमकी हीच पद्धत शिकवली. त्यांच्या पुस्तकात तिला गोल्फरचं उचलणं असंच नाव आहे. कॅडी काही सांगू लागला तर कान देऊन ऐकत जा. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय, अली शेर, हा दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणूनच वाढला होता.

एका राउंडमध्ये तू किती वेळा वाकतोस याचा हिशोब कर. अठरा वेळा टी खोचायला, अठरा वेळा चेंडू काढायला, शिवाय खूण ठेवायला, डिव्हट बुजवायला, काठी उचलायला. साठ-सत्तर वेळा सहज होतं. घरात पडलेला रुमाल उचलतानाही याच पद्धतीने उचल, म्हणजे कोर्सवर आठवण करावी लागणार नाही.

आता मूळ गोष्ट. कंबरेचे पाच मणके पुढे-मागे वाकायला बनलेत, पिळायला नाहीत. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश वळतात. त्यांच्या वर बरगड्यांना जोडलेली पाठ आहे, ती पस्तीस अंशांच्या आसपास वळू शकते. त्यांच्या खाली खुब्याचे दोन सांधे आहेत, तेही चांगले तीस-चाळीस अंश फिरतात. गोल्फच्या स्विंगमध्ये खांदे नव्वद अंशांच्या जवळ जातात. हे वळण खुब्यांनी आणि वरच्या पाठीने वाटून घ्यायचं असतं. पण दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे खुबे आखडलेले असतात आणि वरची पाठ कुबड काढून घट्ट झालेली असते. ते दोघे अंग चोरतात आणि कंबर बिचारी एकटी राबते. दुखते ती, म्हणून आपण लेप तिला लावतो, शेक तिला देतो, पट्टा तिला बांधतो. कामचुकारपणा करणाऱ्यांकडे कुणी बघतच नाही. माझी पहिली दहा वर्षं यातच गेली.

तुझं कोण अंग चोरतंय ते बघायला डॉक्टर लागत नाही. खुर्चीवर बस, गुडघे एकमेकांना चिकटव आणि डावं पाऊल बाहेरच्या बाजूला जितकं जाईल तितकं ने. मग उजवं. तू उजव्या हाताने खेळतोस, म्हणजे चेंडू मारल्यावर सगळं शरीर डाव्या पायावर येऊन डाव्या खुब्यावर फिरतं. डावं पाऊल कमी जात असेल तर तुझं दुखणं बहुधा तिथून सुरू होतं. कंबरदुखी असलेल्या गोल्फरांमध्ये पुढच्या पायाचा खुबा आतल्या दिशेने कमी फिरतो, हे अभ्यासातही दिसलंय. मग खुर्चीवरच बसून काठी छातीशी आडवी कवटाळ, गुडघे हलू न देता डावीकडे-उजवीकडे वळ. एका बाजूला अडलं तर वरची पाठ आखडली आहे असं समज.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. आपण मांडी घालून, उकिडवे बसणारी माणसं, आपले खुबे मोकळेच असतात असं मलाही वाटायचं. पण मांडी घातल्याने खुबा बाहेरच्या बाजूने मोकळा राहतो. गोल्फला लागतं ते आतल्या बाजूचं फिरणं. त्यासाठी रात्री झोपण्यापूर्वी उताणा झोप, गुडघे वर, पावलं खांद्यांपेक्षा जास्त फाकवून टेकव आणि एकेक गुडघा आत जमिनीकडे पाड. दहा-दहा वेळा. सावकाश. तीन आठवड्यांत फरक कळेल. वरच्या पाठीसाठी कुशीवर झोप, गुडघे पोटाशी, आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे ने, नजर हाताबरोबर. हे दोन व्यायाम मी सोळा वर्षांत क्वचितच चुकवले असतील. प्रवासातही हॉटेलच्या गादीवर केलेत.

सकाळबद्दल नीट ऐक, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. आपल्याकडे उन्हाच्या धास्तीने सगळे सहा-साडेसहालाच टी-ऑफ करतात. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली चकती ताठ असते आणि वाकल्यावर तिच्यावर एरवीपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. उठल्यावर साधारण तासाभरात हा फुगवटा बराच उतरतो. तू पाच वाजता उठतोस, पाच वीसला गाडीत बसतोस, पाऊण तास सीटवर वाकडा बसतोस, उतरतोस, बुटाच्या नाड्या बांधायला कमरेतून वाकतोस आणि थेट ड्रायव्हर काढतोस. तुझ्या कंबरेने आजवर सहन केलं हेच खूप झालं. टी-ऑफच्या दीड-दोन तास आधी ऊठ. घरात चालत राहा, चहा उभ्याने घे. बूट पायरीवर किंवा स्टुलावर पाय ठेवून बांध. आणि कंबर दुखरी असेपर्यंत पहाटेचे सूर्यनमस्कार बंद ठेव. मला सूर्यनमस्कारांबद्दल आदर आहे, लहानपणापासून घातलेत. पण उठल्या उठल्या बारा वेळा पुढे वाकणं दुखऱ्या चकतीला सोसत नाही. संध्याकाळी घाल.

गाडीच्या डिकीतून बॅग काढण्याचंही तसंच. काठ्यांनी भरलेली बॅग बारा-पंधरा किलोची होते. आडवी पडलेली बॅग हात लांब करून उचलू नकोस. आधी ती डिकीच्या कडेपर्यंत ओढ, उभी कर, पोटाशी धर, मग गुडघ्यांच्या जोरावर उचल आणि पायांनी वळ, कमरेने नको. नियमाने चौदा काठ्या चालतात म्हणून चौदा भरल्याच पाहिजेत असं नाही. आपल्यासारख्या हौशी खेळणाऱ्याला दहा पुरतात. बॅग खांद्यावर घ्यायचीच तर दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली घे. ट्रॉली असेल तर पुढे ढकल. एका हाताने मागून ओढत नेलीस तर चार तास शरीर एकाच बाजूला पिळलेलं राहतं.

कोर्सवर पोचल्यावर दहा मिनिटं काठीला हात न लावता शरीर गरम कर. वेगाने चाल. काठीचा आधार घेऊन एकेक पाय पुढे-मागे झुलव. खुर्चीत बसल्यासारखं दहा वेळा खाली-वर हो. मग छोट्या काठीने अर्धे स्विंग, मग पाऊण. ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. पहिल्या टीवर मागे चौघं खोळंबलेले असतात तेव्हा हे सगळं टाळावंसं वाटतं, म्हणून लवकर पोच.

ड्रायव्हिंग रेंजवर माझा विशेष राग आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. अठरा होलमध्ये आपल्यासारखा माणूस शंभरेक शॉट मारतो. त्यातले पस्तीस-चाळीस पट, काही लहान चिप. म्हणजे पूर्ण ताकदीचे स्विंग पन्नास-साठ, तेही चार तासांत, मध्ये चालत. रेंजवर मात्र शंभर चेंडूंची बादली घेतोस आणि पस्तीस मिनिटांत रिकामी करतोस. एका पूर्ण स्विंगमध्ये कंबरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असं मोजलं गेलेलं आहे. तुझं वजन ऐंशी किलो धरलं तर सहाशे चाळीस किलो, एकाच बाजूने पीळ देऊन, दर वीस सेकंदांनी. त्यात खाली सिमेंटवर अंथरलेली पातळ चटई; काठी तिच्यावर आपटली की हादरा मनगटातून पाठीपर्यंत जातो. दुसऱ्यांदा माझी कंबर गेली ती इथेच. कुठली तरी स्पर्धा आली होती म्हणून सलग चार संध्याकाळी बादल्या उपसल्या आणि पाचव्या दिवशी अंथरुणातून उठताच आलं नाही. तू पन्नासच चेंडू घेत जा. दहा मार, काठी ठेव, दोन मिनिटं चाल, पाणी पी. आणि प्रत्येक दहानंतर उलट्या बाजूने, डावखुऱ्यासारखे, पाच हलके स्विंग चेंडूशिवाय कर. एकाच दिशेने पिळलेल्या शरीराला दुसरी दिशाही आठवली पाहिजे.

स्विंगबद्दल मी प्रशिक्षक नाही, पण कंबरेच्या बाजूने तीन गोष्टी हक्काने सांगतो.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतून एक शिकवण जोरात आली: बॅकस्विंगमध्ये खांदे पूर्ण वळवा, कमरेचा भाग मात्र रोखून धरा, दोन्हींतला फरक जितका जास्त तितका चेंडू लांब. पंचविशीतल्या, रोज व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या व्यावसायिकाला ते जमतं. तुझा-माझा तो मार्ग नव्हे. बॅकस्विंगला डावी टाच उचलू दे. टाच उचलली की ओटीपोट मोकळं वळतं आणि पीळ कंबरेत साठत नाही. बॉबी जोन्स टाच उचलायचा. जॅक निकलॉस उचलायचा, आणि त्याने अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, शेवटची मास्टर्स १९८६ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. टाच उचलणं म्हणजे नवखेपणा, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. त्याबरोबर डाव्या पावलाचा चवडा लक्ष्याच्या दिशेने पाव वळण बाहेर काढून उभा राहा, म्हणजे चेंडू मारल्यावर डाव्या खुब्याला वळायला जागा मिळेल.

दुसरं म्हणजे उभं राहणं. काठी पाठीवर उभी धर. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तीनही ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता खुब्यातून झुक, तिन्ही जागा सुटू न देता. चेंडूवर उभं राहायचं ते असं. पाठ गोल करून नाही, आणि छाती काढून कंबर पोकळ करूनही नाही. हाच नियम पटिंगला दुप्पट लागू आहे. पटिंगमध्ये जोर लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण अर्धा तास वाकून सराव केल्यावर जी कंबर धरते ती दिवसभर सुटत नाही. पाच मिनिटं पट, मग ताठ उभा राहा, हात कमरेवर ठेवून मागे झुक, मग पुन्हा.

तिसरं, शेवट. स्विंग संपल्यावर फोटो काढून बघ. कंबर पुढे, खांदे मागे, शरीर उलट्या धनुष्यासारखं दिसत असेल तर मणक्यांचे मागचे सांधे प्रत्येक शॉटला एकमेकांवर आपटताहेत. शेवटी तू सरळ उभा हवास. सगळं वजन डाव्या पायावर, बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे, खांदे खुब्यांच्या बरोबर वर. तिथून चालायला लागता आलं पाहिजे. वीस यार्ड कमी जाईल. जाऊ दे. एक नंबर मोठी काठी घे.

पावसाळ्यात पुण्यातली जमीन चिकट होते, बुटाखालचे खिळे झिजलेले असतील तर डावा पाय सटकतो आणि तो सावरायला कंबर झटका घेते. जूनमध्येच खिळे बदल. उंच ओल्या गवतातून चेंडू ताकदीने उपटू नकोस. लहान काठीने नुसता फेअरवेवर आण.

कंबरेच्या ताकदीसाठी पोटाच्या उठाबशा काढू नकोस, त्यांनी चकत्या दाबल्याच जातात. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सांगितलेले तीन व्यायाम आहेत आणि माझ्या फिजिओथेरपिस्टने तेच मला दिले. उताणं झोपून, एक गुडघा वाकवून, हात कंबरेखालच्या पोकळीत ठेवून फक्त डोकं आणि खांदे किंचित उचलणं. कुशीवर झोपून कोपरावर आणि गुडघ्यांवर शरीर तोलणं. जमू लागलं की पावलांवर. आणि रांगत्या स्थितीत उजवा हात व डावा पाय सरळ लांब करून धरणं, मग उलट. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद, श्वास न कोंडता. पंधरा मिनिटांत होतात. पहिला महिना कंटाळा येईल, दुसऱ्या महिन्यात राउंडच्या शेवटच्या चार होलमध्ये तुला त्यांची किंमत कळेल.

आता दुखलंच तर काय. मला पहिल्या खेपेला एका डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली होती आणि मी ती प्रामाणिकपणे घेतली. उठलो तेव्हा पायांत उभं राहायची ताकद नव्हती. आज कुणी तसं सांगत नाही. दिवस-दोन दिवस जपून राहा, शेक घे, पण झेपेल तितकं चालत राहा. सपाट रस्त्यावर, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. साधी उसण काही आठवड्यांत उतरते. खेळायला परतताना आधी आठवडाभर पट आणि चिप, मग अर्धे स्विंग, मग नऊ होल. घाई केलीस की पुन्हा पहिल्यापासून.

वेदनाशामक गोळी घेऊन टीवर जाण्याची जी पद्धत क्लबात पडली आहे, तिला मी नेहमी विरोध केला आहे. गोळी दुखणं लपवते, ताण तसाच राहतो. आणि एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेणं म्हणजे मूत्रपिंडाशी आणि जठराशी वैर.

एमआरआयच्या कागदाने घाबरू नकोस. चकती सरकली, चकती फुगली असे शब्द वाचून माणसं खेळ सोडतात. अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले तर विशीतल्या जवळपास ३० टक्के लोकांत चकती फुगलेली दिसते, आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांत. केस पिकतात तसं ते आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस. टायगर वुड्सचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात. २०१४ ते २०१७ मध्ये त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या वेळी कंबरेचे मणके जोडून टाकले, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तो मास्टर्स जिंकला. हे खरं आहे. त्यानंतरही त्याला पाठीसाठी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं, हेही तितकंच खरं आहे.

काही लक्षणं मात्र अशी आहेत जिथे माझं काहीएक ऐकायचं नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. मांड्यांच्या मधला, बसायच्या जागेचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच तासाला. पाऊल उचललं जात नसेल, चप्पल पायातून निसटत असेल, पायातला जोर दिवसागणिक कमी होत असेल, तरीही थांबायचं नाही. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. पायात नुसत्या मुंग्या येत असतील आणि आठवड्यात कमी होत नसतील तरी दाखवून ये. तुझ्या आजोबांनी पायाचा बधिरपणा वाताचा म्हणून सहा महिने तेल चोळून घेतलं, आणि तोवर पायातली जी ताकद गेली ती परत आली नाही. म्हणून सूनबाईंना सांगून ठेवलंय, यातलं काही दिसलं तर तुला न विचारता मला फोन करायचा.

या शनिवारी खेळू नकोस. साडेपाचला ऊठ आणि साडेसातला रेंजवर ये. बुटांसाठी स्टूल माझ्या गाडीत असतं. मी पन्नास चेंडूंची बादली घेऊन ठेवतो, त्यातले पहिले वीस फक्त डाव्या टाचेसाठी.